प्राणवायूचे माप



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला कामगार चळवळीच्या इतिहासातले एखादे पान उलगडावे, असे सुचविले होते. मी त्यांना उलट विचारले की, नुकत्याच जन्मलेल्या मुलाच्या तोंडावर धरावयाच्या रबरी पिशवीचा इतिहास सांगितला तर चालेल काय? ते जरा घोटाळले. एक तर मी डॉक्टर नाही. माझे शाळेतले शिक्षण दहावीपाशी थांबले आणि पुढचे सारे वाचनालयात व युनियनच्या कचेरीत झाले. दुसरे म्हणजे या विषयाचा कामगारांशी संबंध काय? तो आहे, आणि एका ठिकाणी तर अगदी थेट संपाशी आहे. ते पुढे येईलच.

मी या विषयाकडे वळलो तो एका चौकशीमुळे. आमच्या संघटनेत इस्पितळांतले कंत्राटी कर्मचारी आहेत. त्यांतल्या एका सिस्टरवर काही वर्षांपूर्वी नोटीस आली. तालुक्याच्या ठिकाणचे इस्पितळ, रात्रीची पाळी. सुमारे दहा आठवडे आधी जन्मलेले मूल; जन्मले ते निळे आणि निपचित. सिस्टरने पिशवी-मास्क लावून त्याला श्वास दिला, मूल हलले, रडले. मग प्राणवायूची नळी लावून अडीच तासांच्या रस्त्याने त्याला जिल्ह्याला धाडले. तिथे ते काही आठवडे काचेच्या पेटीत राहिले. मूल जगले, पण पुढे कळले की त्याची दृष्टी गेली आहे. नातेवाइकांनी तक्रार केली. ती फिरत फिरत खाली उतरली, आणि अशा कागदांचा जसा रिवाज असतो तशी सगळ्यांत खालच्या पायरीवर येऊन थांबली. आरोप असा, की सिस्टरने "प्राणवायू बेसुमार दिला". मी तिच्या बाजूने चौकशीत बसलो होतो. आदल्या दिवशी ती मला म्हणाली, "दादा, कमी दिला असता तर मूल मेलं असतं, आणि तेही माझ्याच नावावर लिहिलं असतं. किती द्यायचा होता, ते कोणी सांगेल का?"

याला माझ्यापाशी उत्तर नव्हते. म्हणून मी वाचू लागलो. वाचता वाचता ध्यानात आले की हा प्रश्न जगातल्या मोठमोठ्या वैद्यांना ऐंशी वर्षे पडलेला आहे, आणि त्याच्या उत्तराने एकदा नव्हे, अनेकदा कूस बदलली आहे.

प्राणवायूचा शोध आपण शाळेत शिकलेलो असतो. 1774 च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडात जोसेफ प्रीस्टले याने भिंगाने ऊन एकवटून पाऱ्याचे तांबडे भस्म तापविले आणि निघालेली हवा गोळा केली. त्याच्या आधीच स्वीडनच्या शेले यालाही ती सापडली होती. लाव्हाझ्येने पुढे तिला नाव दिले आणि तिचे खरे स्वरूप सांगितले. प्रीस्टलेच्या लिखाणातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. या हवेत मेणबत्ती झगझगीत जळते आणि लवकर सरते, तेव्हा माणसानेही ती रोज ओढली तर त्याचे आयुष्यही तसेच भरभर जळून जाईल काय, अशी शंका त्याने तेव्हाच बोलून दाखविली. पुढच्या पावणेदोनशे वर्षांत या शंकेकडे फारसे कोणी पाहिले नाही.

न रडणाऱ्या मुलासाठी काय करावे, हा प्रश्न मात्र प्राणवायूहून कितीतरी जुना. आपल्याकडच्या सुइणी नाळ न कापता वार शेकत. मुलाचा जीव वारेत राहिला आहे आणि उष्णतेने तो परत येईल, अशी समजूत. युरोपात काही याहून शहाणपण नव्हते. जर्मनीतल्या येना शहरी शुल्ट्झे नावाच्या नामांकित वैद्याने 1871 मध्ये एक रीत सांगितली : मुलाला खांद्याखाली धरायचे आणि आपल्या डोक्यावरून वर-खाली झोके द्यायचे. ती रीत कित्येक दशके पाठ्यपुस्तकांत होती. गार पाण्यात नि ऊन पाण्यात आळीपाळीने बुडवणे, चापट्या मारणे, असे सारे प्रकार झाले. फ्रान्समध्ये शोसिए या वैद्याने अठराव्या शतकाच्या अखेरीस नवजात मुलाला नळीतून हवा आणि प्राणवायू देण्याचे प्रयत्न केले होते. विसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेत मुलाला एका पोलादी पिंपात ठेवून त्यात प्राणवायूचा दाब वर-खाली करण्याचे यंत्र निघाले, आणि ते बऱ्याच इस्पितळांनी विकत घेतले. प्रत्यक्ष तुलना करून पाहिली, तेव्हा त्याचा काही उपयोग नाही असे दिसले. मुलाच्या पोटात नळी घालून जठरात प्राणवायू सोडण्याचीही एक पद्धत त्याच सुमारास निघाली होती. फुप्फुसाचे काम जठर कसे करणार, हे विचारायला वेळ लागला. कारखान्यातही असेच पाहिले आहे : महागडे यंत्र एकदा आले की, ते चालते की नाही हे विचारणारा माणूस कोणालाच आवडत नाही.

आता पिशवीकडे येतो.

1952 च्या उन्हाळ्यात डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन येथे पोलिओची भयंकर साथ आली. ब्लेगडॅम इस्पितळात रोज पन्नासपर्यंत रुग्ण येऊ लागले. ज्यांचे श्वासाचे स्नायू लुळे पडत त्यांच्यासाठी पोलादी पेटीसारखी श्वासयंत्रे असत, पण ती मोजकीच होती, आणि त्यांत ठेवलेलेही बहुतेक दगावत. इस्पितळाचे प्रमुख लासेन यांनी ब्योर्न इब्सेन नावाच्या भूलतज्ज्ञाला बोलावले. 27 ऑगस्टला इब्सेनने बारा वर्षांच्या एका मरणोन्मुख मुलीच्या श्वासनलिकेत भोक पाडून नळी बसविली आणि रबरी पिशवी हाताने दाबून तिला श्वास दिला. मुलगी वाचली. मग प्रश्न आला की शेकडो रुग्णांच्या पिशव्या रात्रंदिवस दाबणार कोण? वैद्यकाच्या आणि दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्यांना बोलाविले. सुमारे पंधराशे विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून हे काम केले. एका वेळी सत्तरापर्यंत रुग्ण असे हाताने जगविले जात होते. मृत्यूचे प्रमाण शेकडा ऐंशीच्या वरून चाळीसच्या आसपास आले. आजच्या अतिदक्षता विभागाची सुरुवात येथून धरतात. ग्रंथांत इब्सेनचे नाव येते, आणि ते यायलाच हवे. पण आठवडेच्या आठवडे एका मिनिटात वीस वेळा पिशवी दाबणारा तो हात कोणाचा, हेही मी वाचताना शोधत होतो.

या पिशव्यांना एक उणीव होती. त्या पातळ रबराच्या. दाबल्या की रित्या होत आणि पुन्हा भरायला सिलिंडरमधून वायू यावा लागे. सिलिंडर संपला की पिशवी म्हणजे नुसते चिरगूट. आणि इथे आमचा, म्हणजे कामगारांचा, प्रवेश होतो. त्याच दशकात डेन्मार्कात मालमोटारींच्या ड्रायव्हरांचा संप झाला. सिलिंडर वाहून आणणाऱ्या गाड्या थांबल्या, इस्पितळांना प्राणवायू पुरेल की नाही अशी धास्ती पडली. हेनिंग रुबेन या भूलतज्ज्ञाच्या मनात आले की सिलिंडरशिवाय, आपल्या आपण फुगणारी पिशवी का करू नये? पहिल्या नमुन्यात त्याने सायकलच्या चाकाचे आरे जोडून पिशवीच्या आत सांगाड्यासारखे बसविले. दाबली की ती आत जाई, सोडली की आऱ्यांच्या ताणाने पुन्हा फुगे आणि मागच्या झडपेतून खोलीतली साधी हवा ओढून घेई. होल्गर हेसे या जर्मन इंजिनियरच्या साथीने ती 1956 साली बाजारात आली. 'अँबू' हे तिचे कंपनीचे नाव आपल्या इस्पितळांत इतके रुळले आहे की दुसऱ्या कंपनीची असली तरी आया तिला 'अँबू बॅग'च म्हणते.

संपामुळे माणसे मरतात, हे वाक्य मी आयुष्यभर ऐकत आलो. म्हणून या हकिगतीने मला बरे वाटले, हे कबूल करतो. पण त्या ड्रायव्हरांना श्रेय देण्याचा माझा हट्ट नाही. त्यांनी आपल्या मागण्यांसाठी गाड्या थांबविल्या होत्या, आणि विचार रुबेनने केला. ध्यानात घ्यायचे ते इतकेच, की ही पिशवी मुळात प्राणवायूवाचून चालावी म्हणूनच जन्मली. पुढे लोकांनी तिच्या शेपटीला प्राणवायूची नळी जोडली, मागे साठ्याची दुसरी पिशवी लावली, आणि शंभर टक्के प्राणवायू हीच तिची खरी चाल असे ठरवून टाकले. निदान नवजात मुलांच्या बाबतीत हा उलटा प्रवास होता.

तो उलटा कसा, हे कळण्यासाठी डोळ्यांची गोष्ट सांगितली पाहिजे.

1942 मध्ये बॉस्टनचे नेत्रवैद्य थिओडर टेरी यांनी अपुऱ्या दिवसांच्या मुलांमध्ये एक नवे अंधत्व पाहिले : डोळ्याच्या भिंगामागे पांढरट पडदा. टेरी 1946 साली वारले. कारण त्यांना कळले नाही. पुढच्या दहा-बारा वर्षांत या रोगाने जगात सुमारे दहा हजार मुले आंधळी झाली असे मानतात, त्यांतली बहुतेक अमेरिकेत. गायक स्टीव्ही वंडर हा त्या पिढीतला, जन्म 1950 चा. रोगाची गंमत, खरे तर क्रूर थट्टा, अशी की तो गरीब इस्पितळांत कमी आणि सुसज्ज इस्पितळांत जास्त. जीवनसत्त्वे, उजेड, रक्त देणे, दूध, सगळ्यांवर संशय घेऊन झाला. 1951 मध्ये मेलबर्नच्या डॉ. केट कॅम्बेल यांनी आपल्याकडच्या मुलांचा ताळा पाहिला आणि म्हटले, जिथे प्राणवायू सढळ तिथे अंधत्व जास्त.

मुलाच्या जिवासाठी दिलेली वस्तूच त्याचे डोळे खाते, यावर कोण विश्वास ठेवणार? वॉशिंग्टनच्या एका म्युनिसिपल इस्पितळात आर्नल पॅट्झ या तरुण डॉक्टराने तुलना करायची ठरविली : काही मुलांना नेहमीप्रमाणे भरपूर, काहींना गरजेपुरता. सरकारी संस्थेने पैसे दिले नाहीत. मुलांचा प्राणवायू तोडणे तिला माणुसकीचे वाटेना. पॅट्झने भावाकडून पैसे उसने घेतले. आणि त्याने पुढे सांगितलेली एक हकिगत अशी : रात्रपाळीच्या काही वयस्कर परिचारिका, डॉक्टर घरी गेले की, कमी प्राणवायू लावलेल्या मुलांचा नळ गुपचूप वाढवून ठेवीत. त्यांना वाटे, हे पोर गुदमरते आहे आणि या पोरसवदा डॉक्टराला त्याचे काही नाही.

या परिचारिकांवर पुष्कळांनी हसून घेतले आहे. मला हसू येत नाही. त्या रात्रभर मुलापाशी उभ्या होत्या. त्यांना शिकविले होते की निळे मूल म्हणजे प्राणवायू हवा. शास्त्र बदलू लागले आहे, हे त्यांना कोणी समजावून सांगितले नव्हते. नुसता हुकूम दिला होता. हुकूम आणि समजूत यांतला फरक ज्याने गिरणीच्या खात्यात फोरमनचे बोलणे ऐकले आहे त्याला सांगायला नको.

1953-54 मध्ये अमेरिकेतल्या अठरा इस्पितळांनी मिळून मोठी तुलना केली. सप्टेंबर 1954 मध्ये किन्सी यांनी निकाल जाहीर केला : सढळ प्राणवायू हेच अंधत्वाचे मुख्य कारण. झाले! सगळीकडे फर्मान निघाले की चाळीस टक्क्यांच्या वर प्राणवायू द्यायचा नाही. अंधत्व झपाट्याने खाली आले. टाळ्या झाल्या.

टाळ्यांचा आवाज ओसरल्यावर दुसरा हिशेब दिसू लागला. त्या तुलनेत मुलांना जन्मानंतर दोन दिवसांनी घेतलेले होते, म्हणजे पहिल्या दोन दिवसांत मेलेली मुले मोजणीत आलीच नव्हती; आणि चाळीस टक्क्यांचा आकडा हा सर्व मुलांना, सर्व तासांना लावायचा आकडाच नव्हता. ज्यांची फुप्फुसे कच्ची होती त्यांना जास्त प्राणवायू हवा होता, तो नियमाने नाकारला गेला. 1960 मध्ये मेरी एलन ॲव्हरी व ओपेनहायमर यांनी फुप्फुसाच्या विकाराने मरणाऱ्या मुलांची संख्या वाढल्याचे दाखविले. 1973 मध्ये लंडनच्या केनेथ क्रॉस यांनी अंदाज बांधला की एक दृष्टी वाचविताना सुमारे सोळा मुले मेली असावीत. हा अंदाज आहे, मोजलेला आकडा नव्हे. पण तो निम्म्याने चुकला असे धरले, तरी उरतो तो सौदाही झोप उडविणारा आहे.

रक्तात प्राणवायू किती आहे हे मुलाला न टोचता, क्षणोक्षणी कळण्याचा मार्ग त्या काळी नव्हता. डोळ्यांनी रंग पाहायचा, एवढेच. दाबाचे गेज नसलेला बॉयलर चालविण्यातला तो प्रकार. ते गेज दिले ताकुओ आओयागी या जपानी इंजिनियरने, 1974 च्या सुमारास : त्वचेतून प्रकाश आरपार पाठवून नाडीच्या ठोक्याबरोबर रक्ताचा रंग मोजणारा पल्स ऑक्सिमीटर. करोनाच्या साथीत तो आपण घरोघरी पाहिला.

हे सारे झाले काचेच्या पेटीतल्या, आठवडेच्या आठवडे चालणाऱ्या प्राणवायूचे. पण जन्मानंतरच्या पहिल्या दहा मिनिटांचे काय? तिथे कोणी शंकाच घेतली नाही. मूल गुदमरले आहे, तर शुद्ध शंभर टक्के प्राणवायू द्या. पाच मिनिटांनी काय बिघडते?

शंका घेतली नॉर्वेच्या ओला सॉगस्टाड यांनी. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : शरीर गुदमरले की पेशींत हायपोझँथिन नावाचे द्रव्य साचते. मग एकदम भरपूर प्राणवायू आला की त्या द्रव्याशी होणाऱ्या क्रियेतून प्राणवायूचीच काही उग्र, जाळणारी रूपे निर्माण होतात आणि पेशींना इजा करतात. म्हणजे इजा गुदमरण्याने होते तशी सुटकेच्या क्षणीही होते. 1980 मध्ये हा विचार मांडला गेला. डुकराच्या पिलांवरच्या प्रयोगांत साध्या हवेने ती प्राणवायूइतकीच चांगली सावरली. आणि थोडा विचार केला तर यात नवल नाही. गर्भाशयात मूल इतक्या कमी प्राणवायूवर वाढते की बार्क्रॉफ्ट या शास्त्रज्ञाने त्या स्थितीला एव्हरेस्टच्या शिखराची उपमा दिली होती. त्या शिखरावरून उतरणाऱ्या पाहुण्याला आपण एकदम भट्टीसमोर बसवीत होतो.

माणसाच्या मुलावर हे पाहण्याचे धाडस पहिल्यांदा कोठे झाले? दिल्लीत. मौलाना आझाद वैद्यकीय महाविद्यालयाच्या डॉ. सिद्धार्थ रामजी यांनी सॉगस्टाड यांच्या साथीने 84 मुलांची तुलना केली. ती 1993 मध्ये प्रसिद्ध झाली. साध्या हवेवरची मुले कोठेही मागे पडली नाहीत. मग सहा देशांतल्या अकरा ठिकाणी 609 मुलांची तुलना झाली : भारत, इजिप्त, फिलिपाइन्स, एस्टोनिया, स्पेन आणि नॉर्वे. कोणाला काय द्यायचे ते जन्मतारीख सम की विषम यावरून ठरे. 1998 मध्ये निकाल आला. पहिल्या आठवड्यात हवेवरची शेकडा 12.2 मुले दगावली, शुद्ध प्राणवायूवरची 15. हा फरक एकट्याने काही सिद्ध करण्याएवढा मोठा नव्हता, पण दिशा स्पष्ट होती. शिवाय हवेवरच्या मुलांनी पहिला श्वास लवकर घेतला. स्पेनच्या व्हेंटो यांनी दाखविले की काही मिनिटांच्या शुद्ध प्राणवायूच्या खुणा महिन्याभरानंतरही रक्तात सापडतात. 2004 मध्ये सगळ्या तुलनांची बेरीज झाली, तेव्हा हवेवरच्या मुलांत मृत्यू कमी असल्याचे दिसले. 2010 च्या आंतरराष्ट्रीय नियमांत शेवटी लिहिले गेले की पुऱ्या दिवसांच्या मुलाला श्वास देण्याची सुरुवात साध्या हवेने करावी.

दिल्लीच्या 84 मुलांपासून 2010 च्या नियमापर्यंत सतरा वर्षे. श्रीमंत देशांतल्या पुष्कळांचा आक्षेप असा होता की, गरीब देशांत प्राणवायू नाही म्हणून हवेची महती गायली जात आहे. या आक्षेपात थोडे तथ्य होते. गरज होती म्हणूनच प्रश्न विचारला गेला. पण उत्तर मिळाले ते सर्वांच्या उपयोगी पडले.

आपल्या महाराष्ट्रातही हे घडत होते, निराळ्या वाटेने. गडचिरोलीत डॉ. अभय व राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने 1995 पासून गावातल्याच बायांना आरोग्यदूत म्हणून शिकवून घरोघरी नवजात मुलांची काळजी घेण्याचे काम चालविले. जन्मतः न रडणाऱ्या मुलासाठी आधी नळी आणि मास्क, पुढे पिशवी आणि मास्क त्यांच्या हाती दिले. प्राणवायूचा सिलिंडर त्या खेड्यांत कोठून येणार? श्वास द्यायचा तो झोपडीतल्या हवेचाच. त्यांच्या कामाने नवजात मृत्यू शेकडा 62 ने उतरले, असे 1999 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. ही घट केवळ पिशवीमुळे नव्हे. न्यूमोनिया-सेप्सिसवरची औषधे, ऊब, अंगावरचे दूध, सगळ्यांचा तो गुणाकार होता. पण सायकलच्या आऱ्यांवर बसविलेली ती कल्पना थोड्या इयत्ता शिकलेल्या बाईच्या हातात तिच्या मूळ रूपाने, नळीवाचून चालली, हे खरे. केंद्र सरकारनेही 2009 पासून बाळंतपणाच्या खोलीतल्या सर्वांना पिशवी-मास्क शिकविण्याचा कार्यक्रम हाती घेतला.

आता अपुऱ्या दिवसांच्या मुलांचे. सिस्टरच्या चौकशीतले मूल त्यातले होते, आणि येथे गोष्ट पुन्हा अवघड होते. यांची फुप्फुसे कच्ची. नुसती हवा कधी कधी अपुरी पडते. शंभर टक्के दिले तर डोळ्यांची व फुप्फुसांची धास्ती. म्हणून तीस टक्क्यांच्या आसपास सुरुवात करून ऑक्सिमीटर पाहत वर-खाली करावे, अशी रीत बसली. आणि ऑक्सिमीटर वाचायचा कसा? निरोगी मुलाच्याही रक्तात पहिल्या मिनिटाला साठ-पासष्ट टक्केच भरतात, पाचव्याला ऐंशी-पंच्याऐंशी, नव्वदीला पोचायला सात-आठ मिनिटे सहज लागतात. हे ठाऊक नसलेला माणूस पहिल्या मिनिटाचा आकडा पाहून घाबरेल आणि नळ पूर्ण उघडेल.

नळ उघडून नेमके किती मिळते, ते पाहा. पिशवीच्या पुस्तिकेत साधारण असे असते : नळी न जोडता 21 टक्के, नळी जोडून मागची साठ्याची पिशवी काढली तर सुमारे 40, साठ्याची पिशवी लावली तर 90 ते 100. सिस्टरने साठ्याची पिशवी काढून टाकली होती आणि चौकशीत ती म्हणाली, "मी चाळीसच दिला." तिला तसेच शिकविले होते. मी कागदावर हिशेब मांडला. तीन किलोच्या मुलाला एका श्वासाला सुमारे वीस मिलिलिटर लागतात. मिनिटाला पन्नास श्वास म्हणजे एक लिटर. दीड किलोच्या मुलाला अर्धाच लिटर. सिलिंडरवरून येतात मिनिटाला पाच लिटर. अर्धा लिटर खर्चणाऱ्या पिशवीत पाच लिटर शुद्ध प्राणवायू ओतला, तर बाहेरची हवा आत शिरायला जागा कोठे उरते? चाळीसचा आकडा मोठ्या माणसाच्या भात्याला ठीक असेल. नंतर वाचनात आले की प्रयोगशाळांनी हे मोजून पाहिले आहे : हळू आणि बेताने दाबली, तर साठ्याची पिशवी नसतानाही प्राणवायूचे प्रमाण निम्म्याहून बरेच वर जाते, जोरजोरात दाबली तर उतरते. म्हणजे मूल जितके लहान आणि हात जितका हळुवार, तितका प्राणवायू जास्त. चांगले काम करणाराच येथे माप ओलांडतो. नेमके माप हवे तर हवा आणि प्राणवायू मिसळणारा ब्लेंडर लागतो, आणि त्याला दाबाखालची हवा लागते. तालुक्याच्या इस्पितळात ती बहुधा नसते.

हे मी चौकशी अधिकाऱ्यांपुढे मांडले. हेही सांगितले की डोळ्यांचा हा विकार मुख्यतः आठवड्यांच्या प्राणवायूने आणि मुळात मुलाच्या अपुरेपणाने होतो. पहिल्या दहा मिनिटांवर त्याचे खापर फोडता येत नाही, तसेच अडीच तासांच्या गाडीतल्या प्राणवायूला निर्दोषही ठरविता येत नाही. त्या गाडीत ऑक्सिमीटर नव्हता. बाळंतपणाच्या खोलीतही नव्हता. डोळे वेळेवर तपासले असते तर लेसरने दृष्टी राखता आली असती का, हा प्रश्न नोटिशीत कोठेच नव्हता. मूल कोणामुळे आंधळे झाले, याचे उत्तर माझ्यापाशी नव्हते, आणि अधिकाऱ्यांपाशीही नव्हते. त्या मुलाची आई बाहेर बाकावर बसून होती. तिला कोणी आत बोलाविले नाही. मीही नाही, हे येथे सांगितलेच पाहिजे.

नोटीस मागे घेतली गेली. दोन वर्षांच्या पत्रव्यवहारानंतर बाळंतपणाच्या खोलीत ऑक्सिमीटर आला.

मध्यंतरी 2010 मध्ये आणि पुढच्या काही वर्षांत पेटीतल्या मुलांवरच्या मोठ्या तुलना प्रसिद्ध झाल्या होत्या : रक्तातले प्रमाण 85 ते 89 राखले तर डोळे जास्त वाचतात, पण मृत्यू वाढतात, 91 ते 95 राखले तर उलट. क्रॉस यांचा सौदा पुन्हा, या खेपेस मोजून. आणि 2024 मध्ये अनेक तुलनांची एकत्र छाननी करून काही संशोधकांनी म्हटले की बत्तीस आठवड्यांआधी जन्मलेल्या मुलांना पहिल्या मिनिटांत प्राणवायू जास्त, नव्वद टक्क्यांहूनही वर दिला, तर मृत्यू कमी होत असावेत. त्यांनीच जोडीला सांगितले आहे की पुरावा अजून कच्चा आहे. नव्या तुलना तेव्हा चालू होत्या.

हे छापून आले तेव्हा मी त्या सिस्टरला फोन केला. ती रात्रपाळीला होती. तिने ऐकून घेतले आणि विचारले, "म्हणजे दादा, अजून ठरलेलंच नाही?" मी म्हटले, पुऱ्या दिवसांच्या मुलाचे ठरले आहे, हवाच, याचे नाही. ती म्हणाली, भिंतीवर मिनिटांचे आकडे लिहिले आहेत, पहिले साठ-पासष्ट, पाचवे ऐंशी-पंच्याऐंशी. नवीन मुलगी आली की तिला आधी तेच दाखविते. ब्लेंडरच्या मागणीचे पत्र अजून वर गेलेले आहे. तेवढ्यात मागून कोणीतरी हाक मारली आणि तिने फोन ठेवला.